खुंटी आधी आली, बैठक मागून

मार्च सरत आला होता. मसूर काढून झालेली, शिवारात नुसता धुरळा. सकाळी डेअरीला दूध घालून परत आलो तर सोप्यात सिमेंटची एक चौकोनी खुंटी ठेवलेली. वर चुना फासलेला आणि त्यावर तांबड्या रंगात इंग्रजीत ‘एपी १४’. शेजारी पायरीवर तात्या बसलेले. म्हणाले, “मास्तर, आमच्या रानात रोवून गेल्यात. म्हटलं तुमी वाचून सांगा.”

मी निवृत्त शिक्षक. मराठी शाळेत हयात गेली, पण कन्नड लिहिता-वाचता येतं आणि इंग्रजी कागद उलगडता येतो. तेवढ्या भांडवलावर पुढचे सात-आठ महिने मी या प्रकरणात दुभाष्या झालो. एपी म्हणजे अँगल पॉइंट, म्हणजे जिथं विजेची लाईन वळते ती जागा, हेही मला त्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून कळलं. वळणावरचा टॉवर साध्या टॉवरपेक्षा भारी असतो, त्याचा पाया मोठा असतो, हे त्यानंच सांगितलं. तात्यांना मी एवढंच म्हटलं, “खुंटी परत नेऊन रोवा.” त्यांनी नेली नाही.

गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातलं एक गाव, एवढं पुरे. शेजारच्या एक-दोन गावांत घडलेल्या गोष्टीही मी इथं याच गावाच्या नावावर गुंफल्या आहेत. मी तटस्थ होतो असंही समजू नका. माझं पाऊण एकर लाईनखालच्या पट्ट्यापासून शंभर पावलांवर आहे. पट्ट्याबाहेर असल्यानं मला एक पैसाही मिळायचा नव्हता आणि माझं काही जायचंही नव्हतं. त्यामुळं दोन्हीकडचे लोक माझ्याशी बरे बोलले.

जुनी लाईन कुणाची, नवी कुणासाठी

गावावरून ११० केव्हीची, म्हणजे किलोव्होल्टची, एक लाईन पूर्वीपासून जाते. उत्तर कर्नाटकात ११० केव्हीचं जाळं आहे, दक्षिणेकडं ६६ केव्हीचं. आमची लाईन एकपदरी, म्हणजे टॉवरवर तीन तारांचा एकच संच. तो बंद पडला की पुढचं उपकेंद्र अंधारात. ती उतरवून तिच्या जागी दुपदरी लाईन उभी करायची, म्हणजे एक संच गेला तरी दुसरा भार उचलेल, असा बेत होता. गरज खरी होती. दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना कर्नाटकात वीज मोफत आहे, पण थ्री-फेज मिळते ती मोजके तास, आणि त्या तासांत अख्खं शिवार एकदम मोटारी चालू करतं. व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात. रिवाइंडिंगवाल्याचं दुकान आमच्या भागात कधी रिकामं दिसत नाही.

म्हणून सुरुवातीला लाईनला कुणाचा विरोध नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर वर्तमानपत्रांत ‘ग्रामस्थांचा विरोध’ असा मथळा आला आणि तोच खरा मानला गेला.

गुंता वेगळाच होता. जुनी लाईन टाकली तेव्हा जिथं माळ होता तिथं आता घरं आहेत. शहर वाढलं, गावठाण फुगलं, लोकांनी लाईनच्या बुडाशी प्लॉट घेऊन घरं बांधली. ११० केव्हीच्या तारेखाली जमिनीपासून किमान ६.१ मीटर अंतर मोकळं असावं लागतं आणि पट्टा २२ मीटर रुंदीचा धरतात. घरांच्या मधून तो निघेना. मग लाईन टाकणाऱ्या कंपनीनं दोन-अडीच किलोमीटरचा टप्पा जुन्या मार्गावरून उचलला आणि गावाच्या उत्तरेकडून, भाताच्या आणि उसाच्या जमिनीतून वळवून नेला. ‘एपी १४’ हे त्या वळणाचं सुरुवातीचं टोक.

म्हणजे गावाचे एका कागदानं तीन भाग झाले. घरांवरची लाईन जाणार म्हणून गावठाणातले खूश. ज्यांच्या रानातून जुनी लाईन जाते आणि नवीही तिथूनच जाणार, ते ‘इतकी वर्षं काय मिळालं, आता काय मिळणार’ या विचारात. आणि उत्तरेकडचे, ज्यांच्या जमिनीवरून आजवर एक तारही गेली नव्हती, त्यांच्या पायाखालची वाळू सरकलेली.

कायदा काय विचारतो

फारसं काही विचारत नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६८ प्रमाणे अशा लाईनला सरकारची पूर्वमान्यता लागते. कलम १६४ प्रमाणे सरकार लाईन टाकणाऱ्याला १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातले अधिकार देऊ शकतं. गोऱ्या साहेबानं तारखात्याला दिलेला हक्क आज ११० केव्हीच्या टॉवरला लागू पडतो. तो मिळाला की शेतकऱ्याची आगाऊ संमती घ्यावी लागत नाही. पॉवर ग्रिड आणि सेंच्युरी टेक्स्टाइल्सच्या खटल्यात डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. पर्यावरण आघाताच्या २००६ च्या अधिसूचनेत पारेषण लाईन येत नाहीत, त्यामुळं जनसुनावणीही नाही. जमीन संपादित होत नाही. सातबाऱ्याला आमच्याकडं पहाणी म्हणतात, तीवर नाव शेतकऱ्याचंच राहतं.

पण त्याच जुन्या कायद्याच्या कलम १० मध्ये दुसरी बाजूही आहे: मिळतो तो फक्त वापराचा हक्क, नुकसान होता होईल तेवढं कमी करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. कुणी अडवलं तर कलम १६ खाली जिल्हाधिकारी आदेश देतात. रक्कम पुरेशी वाटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडं जाता येतं. हे शेवटचं वाक्य गावात एकालाही माहीत नव्हतं. अडवलं तर पोलीस येतात, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. हलगा-मच्छे बायपासवरून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं शेतात आणि कोर्टात दिलेला झगडा आमच्या तालुक्यानं पाहिलेला आहे. जमिनीचा कागद आला की लोक आधी वकील आठवतात, मग इंजिनिअर.

‘गावाची संमती’

पहिली बैठक खुंट्या रोवून झाल्यावर पाच आठवड्यांनी झाली. मंगळवारी सकाळी अकराला, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. आमच्या गावातला निम्मा कर्ता माणूस सकाळी सातच्या आत कामाला बाहेर पडतो. कुणी उद्यमबागच्या कारखान्यात, कुणी बांधकामावर, काही गोव्याला गवंडीकामाला. बायका भांगलणीला. हॉलमध्ये आले ते गावठाणातले दुकानदार, निवृत्त लोक, पंचायतीचे चार सदस्य आणि मी. सहायक अभियंता तरुण होता, विजापूरकडचा, स्वभावानं चांगला. त्यानं पडद्यावर नकाशा दाखवला. नकाशात गावाची हद्द होती, नदी होती आणि एक निळी रेघ होती. सर्व्हे नंबर नव्हते.

त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, घरांवरची लाईन जाईल. टाळ्या पडल्या. दोन, तुमच्या मोटारींचं व्होल्टेज सुधारेल.

दुसरी गोष्ट सांगायला नको होती. या तारेतला करंट थेट गावात येत नाही. तो उपकेंद्रात जातो, तिथून ११ केव्हीच्या फीडरवर, मग टीसीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, मग मोटारीला. फीडर आणि टीसीचं काम दुसऱ्या कंपनीचं, बिल तिचं, लाइनमन तिचा. वरची लाईन दुपदरी झाली म्हणून शिवारातला ओव्हरलोड टीसी हलका होत नाही. त्या पोराच्या मनात कपट नव्हतं, चांगलं काही सांगावं म्हणून तो बोलून गेला. पण पुढं प्रत्येक बैठकीत ते वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं गेलं.

बैठक संपताना पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, नोंदवहीत कन्नडमध्ये लिहिलं की ग्रामस्थांनी योजनेचं स्वागत केलं. सह्या झाल्या. मीही केली. आजही ती सही आठवली की मान खाली जाते. कारण त्या हॉलमध्ये उत्तरेकडच्या शिवारातला एकही खातेदार नव्हता, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. भार ज्यांच्यावर पडायचा ते भाताच्या बांधावर होते आणि संमती दिली ती ज्यांच्या डोक्यावरून भार उतरायचा त्यांनी. कागदावर दोघंही ‘ग्रामस्थ’.

दहा दिवसांनी पायाच्या खड्ड्यासाठी जेसीबी आला तेव्हा चाळीस-पन्नास माणसं त्याच्यापुढं बसली. त्यात बायका जास्त. ‘विरोध’ तो हा.

कागद कुठल्या भाषेत

जेसीबी परत गेला आणि तहसीलदारांच्या पुढाकारानं बोलणी सुरू झाली. पहिलं भांडण मोबदल्यावर नव्हतं. नोटिशीवर होतं. नोटीस कन्नडमध्ये होती, सोबतचा तक्ता इंग्रजीत. एक म्हातारी आजी उठून म्हणाली, “माझ्या रानात काय घालणार ते मला कळू दे, मग मी रडायचं का हसायचं ते ठरवीन.”

इथं १९५६ मध्ये येऊन अडकलेला सीमाप्रश्न आडवा येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासून इथला कुठलाही सरकारी कागद हा नुसता कागद राहत नाही. गावातले दोन तरुण पुढारी हा विषय थेट सीमालढ्याला जोडायला निघाले होते. उलट बाजूला अभियंत्याला भीती की मराठी कागद काढला तर वरून विचारणा होईल. दोघांनाही आपापल्या जागी बरोबर म्हणावं लागेल, पण त्यात लाईन कुठल्या बांधावरून जाते हे कुणालाच कळत नव्हतं. गावात पाच-सहा कन्नड घरं आहेत, लिंगायतांची. त्यांनाही इंग्रजी तक्ता कळत नव्हताच.

संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारा माणूस राज्यात किंवा संघात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज देऊ शकतो. मी तेवढं धरून बसलो. आमचे अर्ज मराठीत गेले, उत्तरं कन्नडमध्ये आली, ती मी रात्री बसून मराठीत उतरवली. यादीचा तोडगा शेवटी एका कन्नड शिक्षिकेनं काढला. कंपनीनं सर्व्हे नंबरनिहाय यादी कन्नडमध्ये द्यायची. गावानं तिचं मराठी स्वतः लिहायचं, वर ‘माहितीसाठी’ असं लिहायचं आणि दोन्ही कागद पंचायतीच्या फलकावर शेजारीशेजारी लावायचे. कंपनीच्या शिक्क्याचा मराठी कागद नाही, म्हणून वरून विचारणा नाही. आणि लोकांना वाचायला मराठी आहे. तालमीच्या भिंतीवरही एक प्रत लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंदिलाभोवती पाखरं जमावीत तशी माणसं त्या फलकाभोवती मोबाइलचे टॉर्च लावून उभी. सर्व्हे नंबर, खातेदाराचं नाव, टॉवर आहे की नुसती तार, पट्ट्यात येणारी लांबी. चार रकाने. खुंट्या रोवायच्या आधी हा कागद लागला असता तर जेसीबीपुढं कुणी बसलं नसतं, असं माझं आजही मत आहे.

पुढं-मागं सरकतो, आडवा सरकत नाही

शिवारफेरी रविवारी सकाळी सहाला ठेवली. दोन अभियंते, सर्व्हेवाल्याचा माणूस, पीडीओ आणि शंभराच्या आसपास गावकरी. उन्हं चढायच्या आत अख्खा नवा टप्पा पायी फिरलो.

या फेरीचं श्रेय मी त्या दोघांतल्या वयस्क अभियंत्याला देतो. फेरी सुरू होण्याआधी त्यानं पाणंदीत काठीनं मातीत एक रेघ ओढली आणि तिच्यावर खडे ठेवले. म्हणाला, दोन खड्यांत साधारण तीनशे मीटर. हा खडा रेघेवर थोडा पुढं-मागं सरकवू शकतो. दहा मीटर, वीस मीटर, कुठं त्याहून जास्त. पण रेघेच्या बाजूला सरकवला तर रेघ वाकते. दोन अंशांपर्यंत साधा टॉवर चालतो. त्याहून जास्त वाकली की वळणाचा भारी टॉवर लागतो, आणि तो एकट्याचं भलं करताना शेजाऱ्याच्या रानात मोठा पाया खोदतो. “म्हणून मला ‘आमच्या रानातून काढा’ असं सांगू नका. ‘आमच्या रानात कुठं’ ते सांगा.” हे त्यानं कन्नडमध्ये सांगितलं, मी मराठीत केलं, पण खडे पाहूनच लोकांना कळलं होतं. इतक्या आठवड्यांत ज्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नव्हतं, म्हणजे आपल्या हातात नेमकं काय आहे, ते पाच मिनिटांत मिळालं.

त्यानंतर फेरीचा सूर बदलला. एका खुंटीजवळ एका बाईनं साडीचा ओचा गुडघ्यापर्यंत धरून दाखवला, जुलैत इथं एवढं पाणी असतं. सर्व्हे मार्चमध्ये झालेला, तेव्हा जमीन भेगाळलेली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मार्कंडेयचं पाणी कुठवर आलं होतं ते विहिरीच्या कठड्यावर कुणीतरी रंगानं लिहून ठेवलेलं. सर्व्हेवाल्यानं ती खूण टिपून घेतली. काळ्या मातीत पाणी साठत असेल तर पाया वेगळ्या प्रकारचा, रुंद घ्यावा लागतो. तिथं कोरड्या जमिनीचा पाया मांडलेला होता. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात काय करतो हे माहीत असलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण विचारणारा यावा लागतो.

पुढं पाणंदीच्या तोंडावर एक खुंटी. तिथं टॉवर आला असता तर उसाची ट्रॉली वळली नसती. टॉवर पंचवीस पावलं पुढं सरकला आणि तार ट्रॉलीवरच्या मोळ्यांना अडू नये म्हणून त्याची उंची वाढवायचं ठरलं. एका मळ्यात नकाशावर नसलेली विहीर निघाली. एका जागी दोन भावांचा बांध खुंटीपासून अठरा पावलांवर होता. टॉवर बांधावर सरकला, दोघांच्या जमिनीत दोन-दोन पाय गेले, आणि दोघं भाऊ वर्षानंतर एकमेकांशी बोलले. तेही भांडायलाच.

म्हसोबाच्या झाडाचं मात्र जमलं नाही. ते पट्ट्याच्या मधोमध. फांद्या छाटायला लोक तयार होते, तोडायला नाही. त्यावर तीन बैठका गेल्या. त्या इथं सांगत नाही. झाड अजून आहे, डोकं कापलेलं.

तात्यांचं ‘एपी १४’ जिथं होतं तिथंच राहिलं. वळण घेतल्याशिवाय गावठाण सुटत नव्हतं. त्यांच्या एकरभर रानाच्या मधोमध भारी टॉवर. तात्यांनी खुंटी उपटल्यामुळं सर्व्हे पुन्हा करावा लागला आणि दुसऱ्या वेळी ती आधीच्यापेक्षा दोन हात आत आली, अशी गावात चर्चा होती. मोजून पाहिलं, तसं नव्हतं.

एक प्रश्न फेरीत सुटला नाही. इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या एका पोरानं विचारलं, नुसती तारच का बदलत नाही? नेहमीची ॲल्युमिनियम-पोलादाची तार पंच्याहत्तर-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापू देतात. आता उच्च तापमानाच्या, कमी झोळ पडणाऱ्या तारा मिळतात. त्या दीडशेच्या वर तापल्या तरी चालतात आणि जवळपास दुप्पट करंट नेतात. टॉवर तेच, रान तेच, भांडणच नको. प्रश्न चोख होता. उत्तर आलं तीन आठवड्यांनी, लेखी: टॉवर जुने, घरं तारेखाली तशीच राहणार, आणि तार कितीही भारी घेतली तरी संच एकच राहणार, तुटला की अंधार. उत्तरही चोख होतं. पहिल्याच बैठकीत कुठले पर्याय पाहिले नि कुठले का सोडले हे सांगितलं असतं तर त्या पोराला ‘कंपनी काहीतरी लपवते’ असं गावभर सांगत फिरावं लागलं नसतं. शेजारच्या खानापूर तालुक्यातून गोव्याला जाणाऱ्या ४०० केव्ही लाईनचा वाद त्याला पाठ होता. तिच्या गोव्यातल्या भागासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनं २०२१ मध्ये नवा पट्टा पाडण्याऐवजी जुन्या लाईनचाच पट्टा वापरा म्हटलं होतं. “मग आमच्याकडं का नाही?” तिथं पट्ट्याखाली जंगल होतं आणि इथं घरं आहेत, हा फरक त्याला शेवटी पटला. आवडला नाही.

गुंठ्याचा हिशेब

मोबदल्याच्या बैठकांत सगळं लक्ष टॉवरवर. ‘टॉवरला किती?’ हाच प्रश्न. कारण टॉवर दिसतो.

मी फळ्यावर हिशेब मांडला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के असं होतं. जून २०२४ च्या तत्त्वांत टॉवरला २०० टक्के, पट्ट्याला ३० टक्के. ही तत्त्वं केंद्राची. राज्य जेवढी स्वीकारतं तेवढीच राज्यातल्या लाईनला लागतात. आणि जमिनीची किंमत सरकारी गायडन्स व्हॅल्यूनं धरायची की बाजारभावानं, यावर तर रात्रभर बोलता येईल. ते बाजूला ठेवून नुसतं क्षेत्र बघा.

टॉवरच्या चार पायांत पाच मीटर अंतर धरा, दोन्ही बाजूंना एकेक मीटर वाढवा. सात गुणिले सात, ४९ चौरस मीटर. म्हणजे अर्धा गुंठा. त्याचे २०० टक्के म्हणजे एका गुंठ्याची किंमत. आता ज्याच्या रानातून शंभर मीटर तार जाते त्याचा पट्टा: २२ गुणिले १००, २२०० चौरस मीटर, जवळपास २२ गुंठे. त्याचे ३० टक्के म्हणजे साडेसहा गुंठ्यांची किंमत.

हॉल गप्प झाला. मागून कुणीतरी म्हणालं, “मग टॉवर नसलेला बरा हाय की!”

तसंही नाही. टॉवरभोवती नांगर फिरत नाही, तण माजतं, उंदीर होतात. पण तारेखालच्या माणसाचं खरं नुकसान वेगळंच आहे आणि ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं. तिथं आंबा, फणस, नारळ ठेवता येत नाही. शेतघर बांधता येत नाही. बोअर मारायची गाडी तारेखाली उभीच करता येत नाही. ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीत पाणी राहत नाही त्याला विचारा याची किंमत काय. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये केरळच्या वीज मंडळाच्या खटल्यात म्हटलंय की भरपाई सरसकट एका सूत्रानं काढू नये. जमीन कुठं आहे, लाईन किती दाबाची आहे, वापराला किती आडकाठी होते हे बघावं. तो निकाल मी मराठीत सांगितला तेव्हा अभियंता कागदांत डोकं घालून बसला. त्याच्या हातात ते नव्हतंच.

जुन्या लाईनखालच्यांचा प्रश्न तर आणखी अवघड. कंपनीचं म्हणणं, पट्टा आधीपासून आहे, नवा बोजा काही नाही, उभ्या पिकाचं आणि वाढीव पायाचं देऊ. शेतकऱ्यांचं म्हणणं, तेव्हा आमच्या आज्याला पिकाचे चार रुपये देऊन गेलात, पट्ट्याचं कधी दिलंत? दोन्ही वाक्यं खरी आहेत. सात जणांनी जिल्हा न्यायाधीशांकडं अर्ज केला. तो चालू आहे.

आरोग्याची भीतीही निघाली. कॅन्सर होतो का, मूल होणार असलेल्या बाईनं खालून जावं का. तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००२ मध्ये ‘कदाचित कारक’ या गटात ठेवलं आहे, आणि आंतरराष्ट्रीय मर्यादेनुसार सामान्य माणसासाठी क्षेत्र २०० मायक्रोटेस्लाच्या आत असावं लागतं. हे तोंडी सांगून उपयोग नव्हता. तारेखाली मीटर धरून मोजून दाखवा म्हटलं. जुन्या लाईनखाली एका संध्याकाळी मोजलं. आकडा मर्यादेच्या खूपच खाली. बायकांनी मग आपल्या मिक्सरजवळ धरायला लावला, तिथं आकडा वर चढला. हशा झाला आणि विषय मिटला. तारेच्या कुंपणाला झिणझिण्या येतात ही तक्रार मात्र खरी निघाली. पट्ट्यातली कुंपणं अर्थिंग करून द्यायचं ठरलं, आणि तेवढं झालं.

नाव कुणाचं

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि इथं कंपनीचा दोष कमी. पहाणीवर नाव आज्याचं. आजा जाऊन तीस वर्षं. वारसा केलेला नाही. चार मुलगे, त्यातला एक पुण्याला, एक वारला, त्याची बायको माहेरी. तीन बहिणी सासरी. एकाच सर्व्हे नंबरात चौदा नावं आणि पोडी, म्हणजे हिश्श्यांची वेगळी मोजणी, झालेली नाही. त्यामुळं तार नेमकी कुणाच्या हिश्श्यावरून जाते ते कागद सांगत नाही, बांध सांगतो.

आणि जमीन वाट्यानं करणारे. त्यांचं नाव कुठंच नाही. पट्ट्याचं मालकाला जाईल हे ठीक, पण उभ्या पिकाचं? बियाणं, खत, घाम त्यांचा. बैठकीत मालक समोर असताना ते बोलणार नाहीत हे मला दिसत होतं. शेवटी पिकाच्या पंचनाम्यावर ‘कसणाऱ्याचं नाव’ असा एक रकाना वाढवून घेतला. तलाठ्यानं कुरकुर केली, पण भरला. काही मालकांनी तो रकाना रिकामा ठेवायला लावला. तिथं मी काही करू शकलो नाही.

पाये सुगी उरकल्यावर, रोहिणीच्या आत खोदायचे असं ठरलं. जवळपास पाळलं गेलं. दोन टॉवर पावसात सापडले. रताळ्याच्या वाफ्यातून क्रेन गेली, त्याचा पंचनामा वेगळा.

लाईन उभी राहिली. दुपदरी, सहा तारा, वर एक भूतार, म्हणजे अर्थिंगची तार. एक संच बंद करून काम करता येतं आता, उपकेंद्र अंधारात जात नाही. शिवारातल्या मोटारींचं व्होल्टेज होतं तिथंच आहे. टीसीचा अर्ज दुसऱ्या कंपनीकडं पडून आहे. तो मीच लिहिलाय, मराठीत.

घरांवरचे जुने टॉवर उतरवून नेले. रानातले जुने टॉवरही नेले, पण ठेकेदाराच्या माणसांनी पाय जमिनीलगत कापले, सिमेंटचे ठोकळे आत तसेच सोडले. ते हातभर खोल उकरून काढायचं हे तोंडी ठरलं होतं. ठरावांचा मराठी कागद मी केला त्यात ते लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. आता त्या जागी मसूर पेरलेली असते, वरून काही दिसत नाही. यंदा मृगाच्या आधी तात्यांच्या पुतण्याच्या ट्रॅक्टरचा फाळ तिथंच मोडला. तो मोडका फाळ घेऊन आला आणि काही न बोलता सोप्यात, खुंटीच्या शेजारी ठेवून गेला.